पहिलीच सोलो फॉरेन ट्रिप? सोलापूरकरांनो, भूतानला जा

एकट्यानं पहिल्यांदा देशाबाहेर जायचंय, डोंगर-जंगलही बघायचंय आणि जुनी संस्कृतीही, तर माझ्या मते भूतानच बेस्ट. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा व्होटर आयडी मस्ट, आधारवर अवलंबून राहू नका. भारतीयांना दर रात्रीचे १२०० रुपये सरकारी फी पडते, म्हणून बजेट करताना आधी रात्री मोजा, मग हॉटेल बघा. पुणे किंवा मुंबईहून बागडोगरा फ्लाईट, तिथून गाडीनं सीमेवरचं जयगाव, पलीकडे लगेच भूतानचं फुन्शोलिंग.

तारीख मात्र नीट निवडा. ११ नोव्हेंबरला फोबजिखा खोऱ्यात, गांगते मठाच्या अंगणात क्रेन फेस्टिव्हल असतो, काळ्या मानेचे क्रौंच तिबेटकडून तिथं हिवाळ्याला उतरतात आणि गावातली पोरं क्रौंचांचा वेष करून नाचतात, नान्नजला माळढोकासाठी तासन्तास थांबलेल्या माणसाला हे बघून काय वाटेल सांगायलाच नको! थंडी कडक असते, आपल्या उन्हाची सवय तिथं उपयोगाची नाही, थर्मल घ्याच.

थिंफूत टेक्स्टाईल म्युझियम चुकवू नका. कमरेला पट्टा बांधून, अंगाच्या ताणावर चालणारा माग बघाल, चादरींच्या गावातला माणूस तिथून लवकर हलणार नाही. मठात टोपी काढा, फुल बाह्या घाला, आत फोटो नको.

जेवणात मिरची-चीजचं एमा दात्शी झकासच, तरी बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवा, घाटरस्त्यात भूक लागली की तीच कामाला येते.