कोकणातल्या घराची सेप्टिक टाकी: या चुका टाळा

कोकणात सेप्टिक टाकीची परीक्षा मे महिन्यात होत नाही, ती श्रावण-भाद्रपदात होते. बांधकाम मात्र नेमकं उन्हाळ्यात उरकलं जातं. तेव्हा विहिरीने तळ गाठलेला असतो, टाकीतून निघणारं पाणी जमिनीत मुरवायला खणलेला शोषखड्डा कोरडा ठणठणीत असतो आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या तरी पाणी मुरत राहतं. जुलैत जमीन पाण्याने भरली की तोच शोषखड्डा पाणी घ्यायचा थांबतो, उलट बाहेरचं पाणी त्यात उतरायला लागतं. आणि गणपतीला चाकरमानी आले, घर भरलं, की संडास तुंबतो. खालच्या बहुतेक चुका उन्हाळ्याच्या हिशेबाने काम केल्यामुळेच होतात.

जागा आणि जमीन

शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट, आणि घरापासून किमान ६ मीटर लांब हवा, असं आयएस २४७० हे भारतीय मानक सांगतं. जांभ्याच्या जमिनीत हे अंतर अगदी कमीत कमी समजावं. जांभ्याला भेगा असतात, पोकळ्या असतात. मातीतून गाळत जायच्या ऐवजी पाणी या भेगांतून थेट धावतं. म्हणून नुसती टेप लावून भागत नाही, उतार बघावा लागतो. शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगालाच हवा. गडग्यापलीकडची शेजाऱ्याची विहीरही या मोजमापात धरा, हे सर्रास राहून जातं.

पावसाळ्यात भूजल किती वर येतं हे जवळच्या विहिरीवरून कळतं. ऑगस्टमधली तिची पातळी बघून ठेवा. त्या पातळीपासून शोषखड्ड्याचा तळ निदान २ मीटर वर राहायला हवा. आगरात, खाडीकाठी किंवा समुद्रालगतच्या पुळणीवर हे बहुधा जमत नाही. तिथे खोल खड्डा खणण्यात अर्थ नाही. त्याऐवजी उंचावरच्या जागी उथळ चर काढावा: खोली सुमारे ५० सेंमी, तळाला खडी, तिच्यात भोकांचा पाइप, वर पुन्हा खडी आणि माती. एक चर ३० मीटरपेक्षा लांब नको आणि दोन चरांमध्ये १.८ मीटर अंतर हवं. भरावाला काळ्या दगडाची खडी वापरा. जांभ्याच्या मऊ तुकड्यांची माती सुटते आणि मधल्या फटी बुजतात.

जमीन पाणी किती घेते ते आधी तपासा. शोषखड्ड्याच्या खोलीवर लहान भोक पाडा, रात्रभर पाणी भरून जमीन भिजवा, मग पातळी २५ मिमी उतरायला किती वेळ लागतो ते बघा. ३० मिनिटांपेक्षा जास्त लागला तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. ही चाचणी पावसाळ्यात करता आली तरच तिच्यावर भरवसा ठेवावा.

टाकी बांधताना

चिऱ्याची टाकी बांधून तळ मोकळा सोडणं ही सगळ्यात घातक चूक. "आपली टाकी वीस वर्षांत उपसावी लागली नाही," असं कौतुकाने सांगितलं जातं, तेव्हा बऱ्याचदा ती टाकी नसतेच. मैला जमिनीत आणि तिथून विहिरीत चाललेला असतो. तळाला काँक्रीट हवं आणि आतून १:३ सिमेंट-रेतीचा किमान १२ मिमी गिलावा हवा. चिरा सच्छिद्र असतो, गिलाव्यावाचून तो पाणी धरत नाही. झाकणाच्या स्लॅबला खाडीची खारी रेती वापरू नका. मिठाने सळया गंजतात, काँक्रीट खालून सुटतं आणि वरून धडधाकट दिसणारं झाकण एक दिवस पायाखाली खचतं. त्याच कारणाने टाकीवर गाडी उभी करणं टाळा.

पाच माणसांच्या घराला मानकाप्रमाणे १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १.०५ मीटर एवढी टाकी पुरते. दोन वर्षांनी उपसायची असं त्यात गृहीत आहे. ही झाली सुमारे १,१८० लिटर. आता चतुर्थीचा हिशेब मांडा. वीस माणसं, प्रत्येकी पाच वेळा आठ लिटर, म्हणजे नुसत्या संडासाचे ८०० लिटर. आंघोळीचं पाणीही त्याच टाकीत सोडलं असेल तर सगळं मिळून टाकीच्या क्षमतेपलीकडे जातं. गाळ खाली बसायला पाणी दिवसभर तरी टाकीत थांबावं लागतं. ते थांबलं नाही की मैला तसाच शोषखड्ड्यात जातो आणि त्याची छिद्रं बुजवतो. घर सणाला भरत असेल तर टाकी दहा माणसांची बांधा: २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद, पाण्याची खोली १.४ मीटर. आंघोळीचं आणि मोरीचं पाणी वेगळं काढून केळी-माडाच्या आळ्यांना फिरवून सोडा.

पागोळ्यांचं पाणी टाकीत जाता कामा नये. १०० चौरस मीटर छपरावर १०० मिमी पाऊस पडला, आणि कोकणात असे दिवस येतातच, तर १०,००० लिटर पाणी होतं. म्हणजे दहा माणसांची टाकी जवळपास चार वेळा भरेल इतकं. झाकण जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, सांधे सिमेंटने बंद करा आणि वरून येणाऱ्या पाण्याला बाजूने पाट काढून द्या.

दोन टी

टाकीत पाइप येतो तिथे एक आणि बाहेर जातो तिथे एक, असे दोन टी, म्हणजे T आकाराचे पाइपचे तुकडे, असतात. शंभर-दोनशे रुपये वाचवायला तिथे सरळ पाइप टाकला जातो. आतल्या टीची खालची बाजू पाण्यात साधारण ३० सेंमी बुडलेली हवी, म्हणजे येणारं पाणी वरची साय, म्हणजे मैल्याचा तरंगणारा थर, ढवळत नाही. बाहेरच्या टीमुळे मधल्या थरातलं निवळ पाणी तेवढं बाहेर पडतं. हा टी निखळला की साय आणि तेलकटपणा थेट शोषखड्ड्यात जातो. एकदा भरलेला शोषखड्डा दुरुस्त होत नाही, बहुतेक वेळा नवा खणावा लागतो. टाकी उपसताना पाइपच्या धक्क्याने टी तुटतात, म्हणून उपसा झाल्यावर टॉर्च मारून बाहेरूनच दोन्ही बघा. आत येणारा पाइप बाहेर जाणाऱ्यापेक्षा ५ ते ७ सेंमी उंच असला पाहिजे.

तुंबलं तर कुठे बघायचं

लगेच अॅसिड ओतू नका. मैला कुजवणारे जीवाणू मरतात आणि अडथळा असतो तिथेच राहतो. एकच संडास तुंबला असेल तर अडथळा त्याच्याच पाइपमध्ये आहे. सगळे तुंबले असतील तर घर आणि टाकी यांच्या मधलं चेंबर उघडा. चेंबर रिकामं असेल तर अडथळा घराकडच्या बाजूला, भरलेलं असेल तर टाकीकडे. मग टाकीचं झाकण काढून बाहेर जाणाऱ्या पाइपशी पाण्याची पातळी बघा. पाइपच्या तळाला टेकलेली पातळी बरोबर. त्याहून वर असेल तर बाहेरचा टी बुजला आहे किंवा शोषखड्डा भरला आहे. उपसा करून मैल्याची गाडी निघायच्या आत शोषखड्ड्याच्या पाइपमधून पाणी उलटं येऊ लागलं तर दोष शोषखड्ड्याचा आहे, टाकी पुन्हापुन्हा उपसून पैसे जातील. आणि पातळी पाइपच्या खाली असेल तर टाकी गळते आहे, विहिरीचं पाणी लगेच तपासून घ्या.

फक्त वास येत असेल तर आधी ट्रॅप, म्हणजे वायू अडवायला पाणी साचून राहतं ते पाइपचं वळण, बघा. मुंबईकरांची घरं महिनोन्महिने बंद असतात, ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि टाकीतला वायू घरात शिरतो. घर बंद करताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे खोबरेल ओता, पाणी आटायला वेळ लागतो. टाकीतला वायू वर सोडणाऱ्या व्हेंट पाइपच्या तोंडाला डासांसाठी नायलॉनची जाळी बांधा. लोखंडी जाळी खाऱ्या हवेत टिकत नाही.

उपसा

पांढरं फडकं गुंडाळलेली काठी टाकीच्या तळापर्यंत उभी सोडा, दोन-तीन मिनिटं थांबून हळू काढा. काळ्या डागाची उंची म्हणजे गाळ. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाली की उपसा करा. वेळ फेब्रुवारी ते मे. भर पावसात पूर्ण रिकामी केलेली प्लास्टिकची टाकी जमिनीतून वर उचलली जाते: १,००० लिटरच्या टाकीवर भूजलाचा वर ढकलणारा जोर जवळजवळ एक टन असतो. पावसाळ्यात नाइलाज असेल तर अर्धीच उपसा आणि लगेच पाण्याने भरा. थोडा जुना गाळ तळाला राहू द्या, फिनेल टाकून टाकी धुऊ नका. नवी टाकी सुरू करताना बाहेर जाणाऱ्या पाइपपर्यंत पाणी भरून बादलीभर शेणकाला टाकणं पुरेसं आहे. गूळ, यीस्ट, विकतच्या पावडरी, कशाचीच गरज नाही.

गाडी बोलावण्याआधी रस्ता ते टाकी अंतर आणि चढ सांगा. घर रस्त्याच्या खाली ६-७ मीटरपेक्षा जास्त असेल तर व्हॅक्यूम पंपाने मैला वर खेचला जात नाही, मग गाडी खालून आणावी लागते. मैला कुठे नेऊन टाकणार हेही विचारा, आणि उत्तर शेत, वहाळ किंवा खाडी असं आलं तर ती गाडी परत पाठवा.

झाकण काढल्यावर अर्धा तास उघडं ठेवा, जवळ बिडी-काडी पेटवू नका, मुलांना लांब ठेवा. टाकीत कोणालाही उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की वास येणंच बंद होतं आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला उतरणारा दुसराही जातो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आत काही पडलं असेल तर ते बाहेरून आकडीने काढा, नाही निघालं तर राहू द्या.