संडासात सरपण रचलंय? मग या चुका झाल्यात

गावात घरोघरी संडास आहे, आत गोवऱ्या आणि सरपण आहे, आणि घरधनी टमरेल घेऊन ओढ्याकडे निघालाय. का, म्हणून विचारा. उत्तर ठरलेलं: "खड्डा भरला तर उपसायचा कुणी?" निम्म्या चुका या एका धास्तीपोटी होतात.

त्यातली मोठी म्हणजे दहा-बारा फुटांचा एकच खड्डा. 'एकदाच खोल खणू, जन्माची कटकट नको.' अहो, तो भरला की ओला मैलाच उपसावा लागतो, आणि खोलीमुळे घाण विहिरीच्या पाण्याच्या जवळ जाते ती वेगळीच. मीटरभर खोल, मीटरभर रुंद असे दोन शोषखड्डे, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणारे खड्डे, घ्या. पाच-सहा माणसांच्या घराला एक खड्डा साधारण तीन वर्षं पुरतो. भरला की दुसरा चालू करायचा. वर्ष-दीड वर्षात पहिल्यातलं सुकून बिनवासाचं खत होतं. 2017 साली केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत अशाच खड्ड्यात उतरले आणि त्यांनी ते खत स्वतः बाहेर काढलं.

पण दोन खड्डे असूनही घोटाळा होतो. एका वस्तीवर आजोबांनी संडासाला वर्षाहून जास्त काळ कुलूप घातलं होतं. "दोन्ही एकदमच भरले. फसवलं आम्हाला." संडासाचा पाइप जिथून दोन खड्ड्यांकडे फुटतो, त्या चेंबरची फरशी उचलली. एका वेळी एकच तोंड उघडं हवं, तर दोन्ही पाइपांची तोंडं सताड उघडी! गवंड्याचं म्हणणं, मैला दोन्हीकडं वाटून गेला की खड्डे जास्त टिकतात. अशा हुशारीपुढे हात टेकले. कुलपामुळे तोवर आतलं सुकलं होतं, हे नशीब. एक खड्डा रिकामा केला, दुसऱ्याचं तोंड वीट-मातीनं बुजवलं. तेव्हापासून गवंड्याचा हिशेब चुकता करण्याआधी मी चेंबर उघडून बादलीभर पाणी सोडून बघतो, आणि खड्डा चालू केल्याची तारीख दाराच्या आतल्या बाजूला रंगानं लिहितो.

खड्ड्याच्या तळाला कोबा करू नका, पाणी मुरणार कुठे? खड्ड्याच्या भिंतीच्या विटा मधे फटी ठेवून जाळीसारख्याच रचायला हव्यात. शोषखड्ड्याला गॅसपाइप लागत नाही; शेजाऱ्यानं लावला म्हणून लावू नका. ॲसिड, फिनेल ओतू नका, जिवाणू मरतात. विहीर-हातपंपापासून 10 मीटर तरी लांब राहा.

भांडं मात्र नीट बघून घ्या. शहरी दुकानातलं सपाट भांडं दिसायला झकास, पण त्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं आणि ते बाईच्या डोक्यावरून येतं. जास्त उताराच्या ग्रामीण भांड्याला दीड-दोन लिटर पुरतात.

गावात स्वच्छतेचं काम करणाऱ्या नव्या उत्साही मंडळींना उघड्यावर बसणाऱ्यांमागे पहाटे शिट्ट्या फुंकायची फार घाई. शिट्टी वाजली की माणूस पुढच्या ओढ्याला जातो, संडासात नाही. त्यापेक्षा त्याच्या घरी जाऊन चेंबर उघडून दाखवा. आणि म्हातारं माणूस असेल तर उठताना धरायला भिंतीत एक लोखंडी पाइप बसवून द्या. संडासासाठीच्या 12,000 रुपयांच्या सरकारी अनुदानात तेवढं बसतं.