पासपोर्टातला ‘लेट’ म्हणजे परवानगी नव्हे

आपल्या पासपोर्टावर राष्ट्रपतींच्या नावाने केलेली विनंती कधी नीट वाचलीय? तिच्यात ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ असे शब्द आहेत. लेट म्हणजे ‘करू देणे’ हे शाळेपासून डोक्यात बसलेलं, त्यामुळे ‘परवानगीशिवाय’ असा उलटाच अर्थ लागतो. तिथेच छापलेला हिंदी मजकूर बघा: ‘बिना रोक-टोक’. कोडं सुटलं.

जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. ‘लेटान’, म्हणजे करू देणे, आणि ‘लेट्टान’, म्हणजे अडवणे. उशीर या अर्थाचा ‘लेट’ या दुसऱ्याचा नातलग. काळाच्या ओघात या दोन्ही क्रियापदांचा उच्चार आणि स्पेलिंग एक झालं. एकाच शब्दाचे दोन विरुद्ध अर्थ कोण सांभाळणार? अडवणारा हळूहळू मागे पडला.

जुनं इंग्रजी वाचताना एक खूण उपयोगी पडते. ‘लेट मी गो’मध्ये पुढे दुसरं क्रियापद येतं, तिथे परवानगी. पुढे नुसती व्यक्ती असून वाक्य संपलं, तर अडवण्याचा संशय घ्यावा. शेक्सपिअरच्या नाटकात हॅम्लेट भुताच्या मागे जायला निघतो, मित्र त्याला धरून ठेवतात, तेव्हा तो धमकावतो की जो मला ‘लेट’ करेल त्याचंच भूत करीन! 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये पौल रोमकरांना लिहितो की मी ‘वॉज लेट’ (उशिराचा नव्हे, अडवण्याचा लेट), म्हणजे यायचं ठरवलं होतं पण अडलो.

टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून योग्य चौकटीत पडली की पंच ‘लेट’ पुकारतात, तोही अडथळ्याचाच.