नवरीची स्वतःची यादी: मुहूर्तापासून मागे मोजत, हनिमूनपर्यंत

लग्नघरात याद्यांना तोटा नसतो. पत्रिकांची यादी, मानपानाच्या साड्यांची यादी, गुरुजींनी लिहून दिलेली साहित्याची यादी. पण नवरीच्या अंगावर, हातावर, झोपेवर आणि रजेवर काय काय येऊन पडणार आहे, ते यातल्या कुठल्याच कागदावर नसतं. ती यादी तुझी तुलाच करायची आहे, आणि ती मुहूर्तापासून मागे मोजत केलीस तर सोपी जाते. इथे कार्यालयातलं दोन दिवसांचं लग्न धरलं आहे: आदल्या दिवशी हळद आणि संध्याकाळी सीमांतपूजन, दुसऱ्या दिवशी दुपारचा मुहूर्त, पुढे देवदर्शन आणि मग हनिमून.

अगदी पहिलं काम साखरपुड्याच्याही आधीचं. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार, त्याचा वाहक ओळखणारी एचबीए२ ही रक्ततपासणी दोघांनी करून घ्या. थॅलेसेमियाचा वाहक असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो, त्यामुळे तपासल्याशिवाय ते कळत नाही. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे आधी माहीत असलं की डॉक्टरांशी शांतपणे बोलता येतं. पंचांगातून दोन-तीन मुहूर्त निघाले की तुझ्या पाळीच्या तारखा त्यांच्याशेजारी लिहून बघ आणि आईला मोकळेपणाने सांग. पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यावी लागणारच असेल तर दोन महिने आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट. मायग्रेन असेल, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल तर ते त्यांना सांगायलाच हवं. मेडिकलमधून आणून परस्पर घ्यायची ही गोळी नव्हे. गर्भनिरोधकाचं बोलणं त्याच भेटीत उरकून घे.

कार्यालय बघायला वडीलधारी मंडळी जातात आणि पार्किंग, हॉल, जेवणाच्या पंगती बघून येतात. तू नवरीची खोली बघ. आरसा उजेडासमोर आहे का, केसांच्या यंत्रांसाठी मोठा प्लग आहे का, बाथरूम खोलीला लागून आहे का, दाराला आतून कडी आणि बाहेरून कुलूप लागतं का, जनरेटरवर या खोलीचा पंखा-एसी चालतो का. ताबा किती वाजता मिळणार आणि खोली किती वाजता सोडायची, हे पावतीवर लिहून घ्यायला सांग. संध्याकाळी पाचला खोली सोडायची असेल आणि पाठवणी लांबली, तर साडी बदलायला जागाच उरत नाही.

सोन्याची खरेदी निदान दोन महिने आधी. प्रत्येक दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असायला हवा. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. तो क्रमांक दुकानात उभ्या उभ्याच भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघ. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची, एक सासरची असा तुमच्याकडे रिवाज असेल तर दोन्ही घरांनी आकार एकदाच ठरवावा, नाहीतर एक मोठी आणि एक छोटी अशी जोडी गळ्यात येते. नाक टोचलेलं नसेल तर चापाची नथ घे आणि घरी सलग दोन तास घालून बघ. चाप सैल असला तर हार घालताना नथ पडते, घट्ट असला तर तासाभरात नाक ठणकतं. सोनार तो पाच मिनिटांत नीट करून देतो, पण आधी नेली तरच.

साड्यांमध्ये सगळ्यात उशीर होतो तो मामाच्या पिवळ्या साडीला. गौरीहर पुजताना ती नेसायची असते, मामा ती प्रेमाने लग्नाच्या आठवड्यात घेऊन येतात, आणि मग ब्लाउज शिवायला शिंपी मिळत नाही. मामांना दीड महिना आधी सांग, किंवा निदान रंग विचारून ब्लाउज शिवून ठेव. शिंप्याला प्रत्येक ब्लाउजमध्ये दोन्ही बाजूंना मिळून दोन इंच माया ठेवायला सांग, कारण केळवणांच्या जेवणांनी वजन वाढतं आणि शेवटच्या आठवड्यातल्या धावपळीत उतरतंही. फॉल-बिडिंग तीन आठवडे आधी हातात असावं. नऊवारी शिवलेली घेत असशील तर ती घालून पाटावर मांडी घालून बस, दोनदा ऊठ आणि बाथरूमला जाऊन ये. जे अडायचं ते इथेच अडतं. होमासमोर बसायची साडी रेशमी किंवा सुती असू दे. सिंथेटिक कापड ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं.

चेहऱ्यावर नवा प्रयोग शेवटच्या महिन्यात करायचा नाही, आणि फेशियल-ब्लीच जे काय असेल ते किमान दहा दिवस आधी. हळद पुड्यातली नको, हळकुंडं दळून आणा. दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून बघ, खाज आली तर गुरुजींच्या हळदीचा बोटभर टिळा पुरतो. हळदीच्या दिवशी चेहऱ्यावर दाट थर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नकोस. पिवळेपणा संध्याकाळपर्यंत राहतो आणि सीमांतपूजनाच्या मेकअपमधून दिसतो. मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी, कारण रंग चढायला एक ते दोन दिवस लागतात. वॅक्सिंग मेंदीच्या आधी उरकायचं. नंतर केलं तर वरच्या कातडीबरोबर रंगही निघतो. तासाभरात काळी होणारी मेंदी हाताला लावू देऊ नकोस. तिच्यात केसांच्या कलपातलं पीपीडी असू शकतं आणि त्याने फोड येतात.

आता चुडा. हिरव्या काचेच्या बांगड्यांचं माप इंच आणि इंचाच्या सोळाव्या भागात मोजतात. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-सहा म्हणजे त्याहून दोन सोळांश मोठं. पाटल्या, तोडे आणि गोठ कासाराकडे बरोबर ने. सोन्याचं माप काचेपेक्षा लहान निघालं तर पाटली मनगटाशी अडते आणि बांगड्या तिच्यावर आपटून फुटतात. किती भरायच्या, कुठल्या हातात एक जास्त, ते घरागणिक बदलतं, तेव्हा दोन्हीकडच्या मोठ्या बायकांना विचार. खरी अडचण मेंदीची होते. चुडा आदल्या दिवशी सकाळी, हळदीच्या आधी भरतात, तेव्हा मेंदी अजून रंगत असते आणि कासार सवयीने साबणाचं पाणी घेतो. त्याला खोबरेल तेल वापरायला सांग, किंवा हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढव. अंगठा तळव्यात दुमडून बोटं सैल सोडली की बांगडी पिशवीवरून घसरत मनगटावर उतरते, मग पिशवी ओढून काढायची. सकाळी उठल्याबरोबर हात किंचित सुजलेले असतात, म्हणून न्याहारी झाल्यावरच भरायला बस. त्याच मापाच्या डझनभर बांगड्या जास्तीच्या घेऊन ठेव. एखादी वाढवलीच तर मन खट्टू करून घेऊ नकोस, लगेच दुसरी भर.

लग्नाच्या दिवसाचं गणित उलटं मांड. मुहूर्त १२ वाजून २० मिनिटांचा असेल तर साडेअकराला तू गौरीहराशी बसलेली हवीस. नऊवारी नेसायला आणि दागिने घालायला पाऊण तास, केस आणि मेकअपला अडीच तास, म्हणजे सव्वाआठला खुर्चीत. त्याआधी अंघोळ आणि खाणं. मंगलाष्टकांनंतर कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी यांत दोन तास जातात, मग साडी बदलून स्टेजवरची रांग, आणि नवरीच्या पानावर वरण-भात येतो तो तीन वाजता. पोहे किंवा उपीट पोटभर खा. घरात उपास धरायचा रिवाज असेल तर दूध, केळं, लिंबू सरबत. विधींचा क्रमही घरोघरी वेगळा असतो, तो गुरुजींकडून आठ दिवस आधी लिहून आण आणि फोटोवाल्याला दे. मुंडावळ्या केस करणाऱ्या बाईला आधी दाखव. गाठ अंबाड्याखाली दडली नाही तर होमासमोर वाकताना त्या डोळ्यांवर येतात. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर धुरासाठी डोळ्यांचे थेंब जवळ हवेत.

साहित्यात विसरतात ते तीनच जिन्नस: लाजाहोमाच्या साळीच्या लाह्या (भेळेचे चुरमुरे चालत नाहीत), अंतरपाट आणि अक्षता. तीनशे माणसांना दोन किलो अखंड तांदूळ पुरतो. कुंकू अगदी थोड्या पाण्यात कालवून चोळावं आणि रात्रभर पसरून वाळवावं, ओलसर राहिला तर साड्यांना डाग पडतात. लाह्या ओंजळीत घालायला आणि कानपिळीला कोणता भाऊ, हेही ठरलेलं असू दे.

करवलीची पिशवी तू स्वतः भर: लहान-मोठ्या मिळून दोन डझन सेफ्टी पिना, तीस यू-पिना, हिरवा आणि पिवळा दोरा ओवलेल्या दोन सुया, टिकल्या, टिश्यू, स्ट्रॉ, सॅनिटरी पॅड, ओआरएस, चिकटपट्टी, सपाट चप्पल. गजरे ओल्या फडक्यात गुंडाळून थंड जागी ठेवायचे. फ्रीझरमध्ये मोगरा काळा पडतो. दागिन्यांची फोटोंसकट यादी एकाच माणसाकडे, मावशी किंवा काकू, आणि साडी बदलताना उतरलेला प्रत्येक नग तिच्याच हातात. आहेराची पाकिटं दुसऱ्याकडे. ही दोन कामं एकाच माणसाला दिली की संध्याकाळी गोंधळ ठरलेला.

हनिमूनची तिकिटं काढताना होणारी मोठी चूक म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवसाचं विमान. सत्यनारायण असतो, कुणाकडे जागरण-गोंधळ असतो, आणि कुलदैवताला गेल्याशिवाय पुढे कुठे जायचं नाही असं पुष्कळ घरांत असतं. रजा अशी मोज: लग्नाआधी चार दिवस, लग्नाचे दोन, पूजा आणि दर्शनाचे तीन, प्रवासाचे सहा, परत आल्यावर एक. एकूण १६. जेजुरीला जाणार असाल तर शालू घालू नकोस, भंडाऱ्याची हळद जरीतून निघत नाही. नवरा उचलून पायऱ्या चढणार असेल तर साधी सुती साडीच बरी. कुलदैवत मंगेशी किंवा शांतादुर्गा असेल तर दर्शन आणि पुढचे चार दिवस गोव्यातच जमून जातात.

ठिकाण महिन्यावर ठरव. तुळशीच्या लग्नापासून फेब्रुवारीपर्यंत अंदमान आणि केरळ उत्तम. मेच्या शेवटी केरळ धरू नका, जूनच्या सुरुवातीला तिथे पाऊस येतो. अंदमानला डिसेंबरात पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो, म्हणून हॅवलॉक बेटावरच्या राधानगर किनाऱ्यावर चारलाच पोहोचायचं. हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, बोटीने दीड ते अडीच तास लागतात. उलटीची गोळी बोटीत बसायच्या अर्धा तास आधी घ्यायची. स्कूबा सहलीच्या पहिल्या अर्ध्यात ठेवा. खोल पाण्यातून आल्यावर लगेच विमानात बसणं धोक्याचं, किमान १८ तास जाऊ द्या. काचेचा चुडा घालून पाण्यात उतरलं तर खडकावर आपटून मनगट कापतं. तो प्रवासाआधी उतरवायचा की नाही, हे सासूबाईंना निघण्याच्या दिवशी न विचारता आधीच विचारून ठेव. रोख पैसे जवळ असावेत, अंदमानात नेटवर्क दगा देतं. पॉवर बँक केबिनच्या बॅगेतच. प्रवाळ आणि शिंपले उचलून आणू नका, विमानतळावर काढून घेतात. पाणी भरपूर पी आणि संबंधांनंतर लघवीला जाऊन ये. नव्या नवरीला होणारी जळजळ बहुतेक वेळा मूत्रमार्गाच्या संसर्गाने होते. ताप किंवा पाठदुखी जोडीला आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. पहिले दोन दिवस काहीही न ठरवता नुसतं झोपायचं असेल तर तसं नवऱ्याला आधीच सांग. दमलेली दोन माणसं सहलीवर भांडतात ती बहुतेकदा झोपेवाचून.

विमानाचं तिकीट माहेरच्या नावाने काढ, ओळखपत्रावर जे आहे त्याच अक्षरांत. परदेशी जात असाल तर पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने उरलेली हवी, आणि नाव बदलायचंच असेल तर ते परत आल्यावर. विवाह नोंदणी महाराष्ट्रात ९० दिवसांत करायची असते. तिचा अर्ज आणून आधीच भरून ठेव आणि गुरुजींची सही लग्नाच्याच दिवशी, दक्षिणा देताना घे, सोबत त्यांच्या ओळखपत्राची प्रत. नंतर ते दुसऱ्या गावच्या लग्नात असतात आणि फोन लागत नाही. एक पत्रिका, सप्तपदीचा स्पष्ट फोटो आणि तीन साक्षीदारांची कागदपत्रं त्याच पाकिटात घालून ते पाकीट आईकडे ठेव.