स्लीपमध्ये गेलेला कॉम्प्युटर उठत नसेल तर काय करावे

माउस हलवून झाला, कळा दाबून झाल्या, तरी स्क्रीन काळीच. अशा वेळी बहुतेकांचा हात थेट पॉवर बटणाकडे जातो. बटण दाबून धरलं की मशीन बंद पडतं, परत सुरूही होतं, पण सेव्ह न केलेलं काम गेलेलं असतं आणि बिघाड नेमका कुठे आहे हे सांगणाऱ्या खुणाही त्याबरोबर जातात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग मशीन दुकानात जातं आणि तिथे ‘फॉरमॅट मारावं लागेल’ असं ऐकायला मिळतं. फॉरमॅटपर्यंत जाण्याआधी घरच्या घरी तपासता येईल असं पुष्कळ आहे. हा लेख विंडोज १० आणि ११ असलेल्या घरच्या डेस्कटॉप आणि लॅपटॉपसाठी आहे.

आधी स्लीपमध्ये काय होतं ते थोडक्यात. तुमचं उघडं काम रॅममध्ये (वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत) राहतं, रॅमला थोडी वीज मिळत राहते, बाकी जवळपास सगळं बंद होतं. उठताना प्रोसेसर, ग्राफिक्स, डिस्क, यूएसबी, वायफाय या सगळ्यांना त्यांचे ड्रायव्हर (म्हणजे तो तो भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर्स) पुन्हा कामाला लावतात. यातलं कुणीही अडलं तरी तुम्हाला दिसते ती एकच गोष्ट, काळी स्क्रीन. म्हणून पहिलं काम म्हणजे मशीन उठलंय पण चित्र येत नाही, की मशीन उठलेलंच नाही, हे ठरवणं. या दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. ते न ठरवता इंटरनेटवरचे उपाय एकामागून एक करत बसलात तर सगळा दिवस जाईल.

पायरी १: बटण दाबून धरण्याआधीची पाच मिनिटं

एखादी कळ दाबा आणि अर्धा मिनिट थांबा. हार्ड डिस्क असलेली जुनी मशीन्स उठायला वेळ घेतात. तोवर पंख्याचा आवाज येतो का, पॉवरचा दिवा लुकलुकतोय की स्थिर झालाय, ते पाहा. स्लीपमध्ये तो बहुधा मंद किंवा लुकलुकता असतो आणि उठल्यावर स्थिर होतो.

आता कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा प्रत्येक दाबण्याला लागत-विझत असेल तर विंडोज जागं आहे आणि अडचण चित्राची आहे. दिवा ढिम्म असेल तर मशीन उठलेलं नाही किंवा उठता उठता अडकलंय. काही वायरलेस कीबोर्डवर हा दिवाच नसतो, त्यासाठी एखादा साधा वायरचा कीबोर्ड घरात असावा.

दिवा लागत असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. बीप ऐकू येते, स्क्रीन क्षणभर लुकलुकते, आणि उघडं काम जसंच्या तसं राहतं. हा उपाय फार कमी लोकांना माहीत आहे, आणि गेलेलं चित्र परत आणण्यासाठी सगळ्यात आधी हाच करून बघावा.

चित्र आलं नाही तर डेस्कटॉपवाल्यांनी मॉनिटर बंद करून चालू करावा, त्याच्या बटणांनी एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट हा इनपुट हाताने निवडावा, आणि केबल दोन्ही टोकांना काढून परत बसवावी. टीव्हीला मॉनिटर म्हणून जोडलं असेल तर तिथेही हेच. लॅपटॉपच्या स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून बघा. अंधुक चित्र दिसलं तर स्क्रीनमागचा प्रकाश गेलाय. ते हार्डवेअरचं काम आहे, स्लीपचा त्यात दोष नाही.

यानंतरही काही नाही, तर पॉवर बटण एकदाच, हलकं दाबा आणि सोडून द्या. दाबून धरायचं नाही. पुष्कळ मशीन्स कीबोर्ड-माउसला दाद देत नाहीत पण बटणाच्या एका दाबाला उठतात. तसं झालं तर दोष यूएसबीच्या बाजूला आहे, तिसरी पायरी पाहा.

सगळं करून झाल्यावरच बटण दाबून धरा. डेस्कटॉप साधारण ४ सेकंदांत बंद होतो, काही लॅपटॉपना १०-१५ सेकंद लागतात. बंद झाल्यावर प्लग काढा आणि बटण आणखी ३० सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर तीही आधी काढा. बॅटरी स्लीपमध्येच पूर्ण उतरलेली असू शकते, म्हणून चार्जर लावून पंधरा मिनिटं थांबा आणि मग सुरू करा.

पायरी २: विंडोजची नोंदवही वाचा

मशीन सुरू झालं की लगेच स्टार्ट मेन्यूत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा. त्यात विंडोज लॉग्स, मग सिस्टिम. इथे हजारो ओळी असतात आणि लाल खुणा पाहून कुणालाही धडकी भरते. त्या सगळ्या सोडून द्या. आपल्याला तीनच नोंदी हव्यात.

कर्नल-पॉवर, क्रमांक ४२: मशीन स्लीपमध्ये गेलं. पॉवर-ट्रबलशूटर, क्रमांक १: मशीन स्लीपमधून परत आलं. कर्नल-पॉवर, क्रमांक ४१: मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, म्हणजे तुम्ही बटण दाबून धरलंत तो प्रसंग. आता वेळा जुळवा. ४२ नंतर थेट ४१ असेल आणि मध्ये १ नसेल, तर विंडोज उठलेलंच नाही. तेव्हा बायॉस (विंडोजच्या आधी सुरू होणारं, बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर), रॅम, वीजपुरवठा किंवा चिपसेटचे (बोर्डावरच्या भागांना जोडणाऱ्या चिपांचे) ड्रायव्हर यांच्याकडे पाहायचं. मध्ये १ असेल तर विंडोज उठलं होतं, संशयित ग्राफिक्स ड्रायव्हर, केबल किंवा मॉनिटर. बिघाड शोधण्याच्या सगळ्या कामात ही दहा मिनिटं सर्वांत मोलाची आहेत. दुकानात न्यायची वेळ आली तरी या नोंदींचा फोटो काढून घेऊन जा.

अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर या नोंदी वेगळ्या दिसतील, कारण तिथे स्लीपच वेगळ्या जातीची असते. आपलं मशीन कोणत्या जातीचं आहे ते असं पाहा: कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि पॉवरसीएफजी हा शब्द इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करा (पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी). मग एक जागा सोडून तिरपी रेघ (फॉरवर्ड स्लॅश, /) आणि ए. उत्तरात एस३ दिसलं तर जुनी, खरी झोप. ‘एस० लो पॉवर आयडल’ दिसलं तर मॉडर्न स्टँडबाय. यात मशीन मोबाइलसारखं अर्धवट जागं राहतं, अधूनमधून नेटवर्कही वापरतं. बॅगेत ठेवलेला लॅपटॉप गरम होणं आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळणं, ही या जातीची नेहमीची तक्रार आहे. अशा मशीनवर झोपेत जाण्याची नोंद ५०६ आणि बाहेर येण्याची ५०७ क्रमांकाची असते. याच कमांडमध्ये ‘ए’ऐवजी ‘स्लीपस्टडी’ असा एक सलग शब्द दिलात तर एक अहवाल तयार होतो आणि झोपेच्या काळात कोण जागं होतं ते त्यात दिसतं.

पायरी ३: कीबोर्ड आणि माउसला उठवण्याची परवानगी

ही छोटी गोष्ट आहे. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, कीबोर्ड, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. ‘अलाव धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर’ या चौकोनात टिक हवी. माउससाठीही तसंच. मॉडर्न स्टँडबायच्या मशीनवर हा टॅब बऱ्याचदा नसतो. तो शोधत बसू नका.

डेस्कटॉपला वायरलेस माउसचा रिसीव्हर यूएसबी हबमध्ये किंवा पुढच्या पोर्टात असेल तर तो मागे, थेट मदरबोर्डच्या (मुख्य सर्किट बोर्डाच्या) पोर्टात लावा. ब्लूटूथच्या कीबोर्डकडून उठवण्याची फार अपेक्षा ठेवू नका. बायॉसमध्ये ‘ईआरपी’ नावाची वीजबचतीची सोय चालू असेल तर ती बंद करून बघा. काही बोर्ड तिच्यामुळे यूएसबी पोर्टांची स्टँडबाय वीज तोडतात.

पायरी ४: ड्रायव्हर

अलीकडेच अपडेट आला आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला, असं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर इथे जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. ते बटण फिकट असेल तर जुनी प्रत शिल्लक नाही. मग लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक घेऊन त्याच कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देणारी तिसऱ्याच कुणाची सॉफ्टवेअर्स कृपा करून घेऊ नका. ग्राफिक्सइतकाच चिपसेटचा ड्रायव्हर महत्त्वाचा आहे आणि तो लोक हमखास विसरतात, कारण तो नसला तरी वरवर सगळं चालताना दिसतं.

ड्रायव्हर बदलल्यावर ‘रिस्टार्ट’ करा, ‘शट डाउन’ नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. तिच्यामुळे शट डाउन करतानाही विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. बिघडलेली स्थितीसुद्धा. ‘रोज रात्री बंद करतो, तरी त्रास जात नाही’ याचं कारण बऱ्याचदा इथे सापडतं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथून ही सोय काही दिवस बंद ठेवून पाहा. एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) असेल तर सुरू व्हायला लागणारा जादा वेळ जाणवणारही नाही.

पायरी ५: वीज, रॅम आणि बायॉस (मुख्यतः डेस्कटॉप)

आपल्याकडे पुष्कळ घरांत रात्री भिंतीवरचा स्विच किंवा एक्स्टेंशन बोर्ड बंद करायची सवय असते. स्लीपला वीज लागते. स्विच बंद केला की रॅममधलं सगळं पुसलं जातं आणि सकाळी मशीन ‘उठत नाही’, ते नव्याने सुरू होतं. वीज जाणाऱ्या भागात यूपीएस नसेल तर हेच रोज घडू शकतं. त्यावर हायब्रिड स्लीप हा चांगला उपाय आहे. त्यात रॅमबरोबर डिस्कवरही प्रत ठेवली जाते. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘स्लीप’खाली ‘अलाव हायब्रिड स्लीप’ चालू आहे ना, ते बघा.

वीज अखंड असूनही मशीन उठत नसेल तर एसएमपीएसवर, म्हणजे डेस्कटॉपच्या डब्यातल्या वीजपुरवठा करणाऱ्या युनिटवर, संशय घ्या. स्लीपमध्ये सगळा भार त्याच्या ५ व्होल्टच्या स्टँडबाय लाइनवर असतो. जांभळी वायर ती हीच. जुन्या एसएमपीएसमध्ये आधी तीच कमजोर होते, आणि मशीन एरवी झकास चालत असल्यामुळे कुणाला शंका येत नाही. घरी करण्यासारखी चाचणी अशी: स्लीपमध्ये टाकण्याआधी पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क, चार्जिंगला लावलेला मोबाइल हे सगळं यूएसबीवरून काढा. आता उठतंय? मग तंत्रज्ञाकडून जांभळ्या वायरवरचा विजेचा दाब (व्होल्टेज) मोजून घ्या. तो ४.७५ ते ५.२५ व्होल्टमध्ये हवा. एसएमपीएस स्वतः उघडू नका, बंद असतानाही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब उरतो.

रॅमसाठी विंडोजमध्येच ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ आहे, रात्री लावून ठेवा. गेमिंगसाठी बांधून घेतलेल्या मशीनवर बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवण्याची सोय) चालू असेल तर ते बंद करून काही दिवस पाहा. जास्त वेगावर दिवसभर टिकणारी रॅम स्लीपमधून उठताना अडखळू शकते. कोकणासारख्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो, तेव्हा प्लग काढून, रॅम बाहेर घेऊन, कोऱ्या खोडरबराने पट्ट्या हलक्या पुसून परत घट्ट बसवाव्यात.

बायॉसचा अपडेट शेवटी. स्लीपचे दोष त्याने खरोखर सुटतात, पण अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. डेस्कटॉपला यूपीएस असल्याशिवाय आणि लॅपटॉपला चार्जर लावून बॅटरी भरल्याशिवाय तो करू नका.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक वेगळी शंका

झाकण मिटल्याचं लॅपटॉपला कळतं ते चुंबकावरून. झाकणात छोटा चुंबक असतो आणि कीबोर्डच्या बाजूला त्याची जाणीव ठेवणारा सेन्सर. चुंबकाचं झाकण असलेलं मोबाइल कव्हर किंवा दुसरा लॅपटॉप नेमका त्या जागी ठेवला, तर मशीनला झाकण मिटलेलंच वाटतं आणि ते उठवलं तरी परत झोपतं. आजूबाजूच्या वस्तू दूर करून बघा. याला काही खर्च नाही.

तोवर काम कसं चालवायचं

कारण सापडेपर्यंत स्लीपऐवजी हायबरनेट वापरा. त्यात सगळं काम डिस्कवर लिहिलं जातं आणि मशीन पूर्ण बंद होतं, त्यामुळे स्विच बंद केला तरी काम शाबूत. पर्याय दिसत नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, जागा, तिरपी रेघ एच, जागा, ‘ऑन’ असं टाइप करा आणि मग चौथ्या पायरीतल्या पॉवर बटणांच्या त्याच पानावर हायबरनेटला टिक करा. त्यासाठी डिस्कवर रॅमच्या साधारण ४० टक्के जागा लागते, म्हणजे ८ जीबी रॅमला तीन-सव्वातीन जीबी. झाकण मिटल्यावरही हायबरनेट व्हावं अशी सोय करून ठेवली तर लॅपटॉप बॅगेत गरम होण्याचा प्रश्नही मिटतो. वर्डमध्ये आपोआप प्रत ठेवण्याची वेळ मुळात १० मिनिटांची असते, ती २ करा.

शेवटी तंत्रज्ञाकडे जावंच लागलं तर एवढं लिहून न्या: कॅप्स लॉकचा दिवा लागत होता का, बटणाच्या हलक्या दाबाला मशीन उठलं का, आणि ४२ नंतर १ ची नोंद होती की थेट ४१. दोष सॉफ्टवेअरचा की हार्डवेअरचा, याचा बराचसा निकाल या तीन उत्तरांवरच लागतो. ‘फॉरमॅट’ असं कुणी म्हणालं तर आधी ही चिठ्ठी पुढे करा.