मेंदूच्या ट्युमरच्या ऑपरेशनमध्ये भूल देताना मॅग्नेशियम लावायचं असेल तर

इंटर्नशिपमध्ये ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये झटके आलेल्या बाईला मॅग्सल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) दिलेलं असतं, म्हणून न्यूरो ओटीत, म्हणजे मेंदूच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल द्यायला आलेल्या नव्या रेसिडेंटला वाटतं, हे औषध तर आपलंच. ओळख खरी, पण इथे हिशोब वेगळा.

आधी एक गोष्ट सरळ सांगते. मेंदूच्या पेशीला रक्त कमी पडलं की ग्लुटामेट नावाचं रसायन सांडतं, पेशीवरची एनएमडीए रिसेप्टर नावाची दारं उघडतात आणि कॅल्शियम आत घुसून पेशी मारतं. मॅग्नेशियम त्या दारात बूच मारतं. कागदावर हे सुरेख दिसतं. पण लॉस एंजेलिसमध्ये अ‍ॅम्ब्युलन्समध्येच मॅग्नेशियम सुरू करून १७०० स्ट्रोक रुग्णांवर झालेल्या फास्ट-मॅग चाचणीत (२०१५) अपंगत्व कमी झालं नाही. सुबॅरक्नॉइड हॅमरेजच्या (मेंदूच्या आवरणाखालच्या रक्तस्रावाच्या) मॅश-२ चाचणीतही (२०१२) निराशाच. म्हणून मेंदू वाचवण्याचं मुख्य काम बीपी, कार्बन डायऑक्साइड, साखर आणि मान न मुरगळता ठेवलेलं डोकं हेच करतात. मॅग्नेशियम जोडीला, आणि तेही कन्सल्टंटने हो म्हटल्यावरच.

लावायचं ठरलं, तर किडनीसाठी क्रिएटिनिन बघा, ईसीजीत हार्ट ब्लॉक नाही ना ते बघा. मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा आजार) असेल तर विषय तिथेच बंद. मोटर इव्होक्ड पोटेन्शियल (मेंदूचा सिग्नल स्नायूंपर्यंत पोचतो का ते दाखवणारी तपासणी) लावणार असतील तर न्यूरोफिजिओलॉजीवाल्यांना आधी सांगा, नाहीतर सिग्नल पडले की सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

आता सिरिंज. आमच्याकडच्या अँप्युलवर ५० टक्के, २ मिली लिहिलेलं असतं, म्हणजे एका अँप्युलमध्ये १ ग्रॅम. तुमच्या हातात आलेलं लेबल मात्र दरवेळी वाचा. रुग्ण ६० किलोचा, लोडिंग ५० मिग्रॅ प्रतिकिलो धरलं तर ३ ग्रॅम, म्हणजे ६ मिली. ते १०० मिली सलाइनमध्ये घालून वीस मिनिटांत, ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) उघडण्याच्या बरंच आधी. घाईने पुश केलंत तर बीपी घसरेल, आणि सुजलेल्या मेंदूला तेच सगळ्यात नको असतं. पुढे १० मिली औषधात ४० मिली सलाइन मिसळा, १ मिलीत १०० मिग्रॅ होतं. १५ मिग्रॅ प्रतिकिलो प्रतितास द्यायचं, तर पंप ताशी ९ मिलीवर. सिरिंजवर नाव, प्रमाण आणि वेळ लिहा. पेन सापडत नाही ही सबब चालणार नाही.

खरी गोची रिलॅक्संटची, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाची. मॅग्नेशियमने व्हेक्युरोनियमसारख्या रिलॅक्संटचा जोर वाढतो आणि लांबतो. नवीन असताना एका मेनिंजिओमाला (मेंदूच्या आवरणाच्या ट्युमरला) मी सवयीने अर्ध्या-पाऊण तासाला टॉप-अप देत गेले. टाके पूर्ण झाले, सर्जन हात धुऊन आले, 'डोळे उघडा' म्हणत उभे राहिले. ट्रेन ऑफ फोरला, म्हणजे स्टिम्युलेटरने नसेला चार झटके दिल्यावर, स्नायूची एकच ट्विच (हालचाल). रुग्णाला काही झालंय का, म्हणून सीटीला न्यायची तयारी सुरू झाली होती. गुन्हेगार मी होते, मेंदू नव्हे. तेव्हापासून ट्विच बघितल्याशिवाय टॉप-अप नाही. आणि स्टिम्युलेटर कमजोर पडलेल्या हाताला लावू नका. त्या बाजूला ट्विच जास्त दिसतात आणि तुम्ही फसून आणखी डोस देता. मी ड्युरा शिवायला घेतला की मॅग्नेशियमचा पंपही बंद करते.

मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉल दिलं की लघवीवाटे मॅग्नेशियमही जातं, पण लघवीच कमी झाली तर ते साठतं. मोठ्या केसमध्ये दर तासाला युरोबॅग बघा, जमल्यास रक्तातली मॅग्नेशियमची लेव्हल पाठवा. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलीची अँप्युल मी ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात, स्टिकिंगने चिकटवून ठेवते. आयसीयूत रिलॅक्संट पुरतं उतरल्यावर सिस्टरला गुडघ्यावर हातोडी मारायला सांगा. पाय उडाला नाही, तर मॅग्नेशियम जास्त झालेलं असू शकतं; लेव्हल मागवा आणि श्वासाकडे लक्ष ठेवा.

नातेवाईक हमखास विचारतात, 'मग मॅग्नेशियमच्या गोळ्या आधीपासून चालू करू का?' नाही. त्यापेक्षा फिटच्या गोळ्या ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर द्यायच्या का, हे डॉक्टरांना विचारा. त्या बहुतेक वेळा द्यायच्याच असतात, आणि नेमक्या त्याच उपाशी राहायचंय म्हणून चुकतात.