रायटर स्वस्त चालेल, डिस्क नको

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एखाद्या दुकानात डीव्हीडी रायटर मागितला की दुकानदार आधी तुमच्याकडे नीट पाहून घेतो आणि मगच वरच्या फळीवरचा खोका उतरवतो. नव्या लॅपटॉपमधून डिस्क घालायची खाच केव्हाच नाहीशी झाली आहे. तरीही स्कॅन केंद्रातून हातात पडलेली सीडी, लग्नाच्या वेळी स्टुडिओने दिलेली डिस्क, मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांचे चित्रीकरण अशा गोष्टी घराघरात आहेत, आणि त्या वाचायला किंवा नव्या डिस्कवर उतरवून ठेवायला हे यंत्र अजून लागते. ते घेताना कुठे काटकसर करावी आणि कुठे करू नये, एवढेच येथे सांगायचे आहे. माझे मत असे की रायटर स्वस्तातला घेतला तरी बिघडत नाही, कोऱ्या डिस्कवर मात्र दोन पैसे जास्त घालावेत. बहुतेक गिऱ्हाइके नेमके उलट करतात.

हे मत मला फुकट मिळालेले नाही. माझ्या आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे चित्रीकरण एका स्टुडिओने डीव्हीडीवर करून दिले होते आणि डिस्कवर हौसेने आजी-आजोबांचा गोल कापलेला चिकट फोटो लावला होता. आठ वर्षांनी ती लावली तेव्हा होम, औक्षण, तुला असे सगळे व्यवस्थित दिसले, आणि पंगत बसली तिथे चित्र थबकले ते थबकलेच. डिस्क टेबलावर ठेवून डोळ्यांच्या पातळीवरून पाहिले तर ती एका बाजूने अगदी किंचित उचललेली होती. ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तर जांभळट पृष्ठभागावरचा लिहिलेला, थोडा गडद पट्टा बाहेरच्या काठापर्यंत गेलेला दिसत होता. डिस्क आतल्या कड्याकडून काठाकडे लिहिली जाते, म्हणजे कार्यक्रमाचा शेवट काठाशी येतो, आणि वाकण्याचा, ओरखड्यांचा, चिकटवणी सुटण्याचा त्रास सर्वांत आधी काठालाच होतो. म्हणून होम वाचला आणि पंगत गेली. या एका डिस्कने मला जेवढे शिकवले तेवढे रायटरच्या खोक्यावरच्या मजकुराने शिकवले नाही.

आधी रायटरचे पाहू, कारण ते थोडक्यात आटोपते. लॅपटॉप असेल तर यूएसबीचा बाहेरून जोडायचा पातळ रायटर घ्यावा. डेस्कटॉप असेल आणि कॅबिनेटमध्ये सव्वापाच इंची जागा मोकळी असेल तर आत बसवायचा साटा जोडणीचा रायटर घ्यावा. तो सहसा आणखी स्वस्त पडतो, त्याला यंत्राच्या पॉवर सप्लायमधून भरपूर वीज मिळते आणि डिस्क त्यात स्थिर फिरते. फार जुन्या संगणकावर चाळीस पिनांची रुंद आयडीई केबल असते. तसा रायटर शोधत हिंडण्यापेक्षा यूएसबीचाच घेऊन मोकळे व्हावे. एलजी, एसस अशा नेहमीच्या नावांचा कोणताही साधा रायटर घरगुती कामाला पुरतो, आणि आजचे जवळपास सर्व रायटर प्लस व मायनस (यांचा फरक पुढे येईल) अशा दोन्ही जातींच्या डिस्क लिहितात, त्यामुळे त्या शब्दांसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

खोक्यावरच्या वेगाच्या आकड्यालाही फार भुलू नये. डीव्हीडीच्या बाबतीत १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ मेगाबाइट. पातळ रायटर ८ एक्सने लिहितो, म्हणजे सेकंदाला साधारण ११ मेगाबाइट, आणि पूर्ण डिस्क आठ मिनिटांच्या आसपास संपते. आत बसवायच्या रायटरवर २४ एक्स असे ठळक लिहिलेले असले तरी डिस्क स्वतः १६ एक्सची असते, आणि तो वेगही काठाजवळ पोहोचल्यावरच मिळतो, त्यामुळे प्रत्यक्षात पूर्ण डिस्कला पाच-सहा मिनिटे लागतातच. वाचलेल्या दोन-तीन मिनिटांत चहाला आधणही येत नाही. यूएसबी २.० की ३.० हा प्रश्नही इथे गैरलागू आहे, कारण ८ एक्सचा प्रवाह २.० च्या जोडणीतून सहज जातो.

पातळ रायटर घेताना वीजपुरवठ्याकडे मात्र जरूर लक्ष द्यावे. यूएसबी २.० चे एक छिद्र ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देते आणि लिहिताना मोटर व लेझर मिळून ती मर्यादा गाठू शकतात. रायटर हबवर किंवा कॅबिनेटच्या पुढच्या छिद्रावर लावला आणि डिस्क निम्म्यात फसली, तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिथल्या वायरिंगचा असतो. मागच्या छिद्रावर लावून पुन्हा पाहावे. काही रायटरांसोबत दोन तोंडांची केबल येते ती याचसाठी. लेझरच्या भिंगावर धूळ बसू नये म्हणून वापर नसताना ट्रे बंद ठेवावा, आणि वीज गेल्याने ट्रे अडकलाच तर पुढच्या बारीक छिद्रात सरळ केलेली यू-पिन हळूच दाबावी.

बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात जुन्या लॅपटॉपमधून काढलेले ड्राइव्ह मिळतात आणि त्यांना डबी लावून यूएसबीचे करताही येते. डिस्क वाचण्यापुरता असा ड्राइव्ह ठीक आहे, पण डबी घेण्यापूर्वी जाडी मोजावी, कारण या ड्राइव्हांत १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जाड्या असतात. लिहिण्यासाठी मात्र जुना ड्राइव्ह घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. लिहायला वाचण्यापेक्षा कितीतरी जास्त शक्तीचा लेझर लागतो, आणि वापराने थकलेला लेझर वाचताना काही बोलत नाही, लिहिताना मात्र दगा देतो.

आता डिस्कच्या जातींकडे वळू. डीव्हीडी-आर, जिला दुकानात ‘मायनस आर’ म्हणतात, ती १९९७ मध्ये पायोनियरने आणली आणि तिच्यामागे डीव्हीडी फोरम ही संघटना होती. फिलिप्स, सोनी आदी कंपन्यांच्या वेगळ्या गटाने २००२ मध्ये डीव्हीडी+आर बाजारात आणली. दोन्ही एकदाच लिहिता येतात. दोन्हींत प्लास्टिकच्या ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि मधल्या रंगद्रव्याच्या थरावर ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर खुणा भाजतो. फरक आहे तो रायटरला ‘तू आत्ता कुठे आहेस’ हे सांगण्याच्या पद्धतीत: मायनसमध्ये वाटेवर आधीच खोदलेल्या बारीक खुणा असतात, तर प्लसमध्ये खाचेच्या लहरीतच पत्ता गुंफलेला असतो. घरी बसून हा फरक जाणवत नाही. २००५ पूर्वीचा टीव्हीजवळचा प्लेअर असेल तर त्याच्यासाठी मी मायनस घेतो, कारण असे प्लेअर तिला अधिक सहजतेने स्वीकारतात. संगणकातच ठेवायची माहिती असेल तर ज्या जातीत चांगली डिस्क मिळेल ती घेतो. प्लसची एक सोय सांगण्याजोगी आहे. काही रायटर प्लस डिस्कवर ‘ही छापील डीव्हीडी-रॉम आहे’ अशी नोंद करू शकतात, आणि मग कुरकुरणारा प्लेअरही ती मुकाट्याने वाजवतो.

आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी डिस्क. तिच्यात रंगद्रव्याऐवजी धातूंचे मिश्रण असते, ते लेझरच्या उष्णतेने स्फटिकरूप आणि अस्फटिक अशा दोन अवस्थांत बदलते आणि सुमारे हजार वेळा पुन्हा लिहिता येते. तालमीसाठी अशी एक डिस्क जवळ ठेवावी; ठेवणीतले काही तिच्यावर ठेवू नये, आणि प्रकाश कमी परतवत असल्यामुळे जुन्या प्लेअरला ती दिसतच नाही याने गोंधळून जाऊ नये. डीव्हीडी-रॅम ही जात गुणी होती, लाखभर वेळा लिहिता येत असे. पण बहुसंख्य प्लेअर तिला वाचत नाहीत, म्हणून तिच्या नादी लागू नये. ८.५ जीबीची दुहेरी थराची डिस्क महाग असते, सावकाश लिहिली जाते आणि एका थरावरून दुसऱ्यावर जाताना अडखळते. एका दुहेरीपेक्षा दोन एकेरी बऱ्या.

एकेरी डिस्कवर ४.७ जीबी असे छापलेले असते आणि संगणक ४.३७ दाखवतो, तेव्हा गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडायला उठते. फसवणूक कोणीच केलेली नसते. कारखाना १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो आणि विंडोज १०२४ चा तीनदा गुणाकार धरते, एवढाच तो फेर आहे. मी स्वतः चार जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे काठाची धोक्याची पट्टी कोरीच राहते.

डिस्क कशी ओळखावी, हा खरा अवघड भाग आहे. वेष्टनावरचे नाव आणि आतली डिस्क बनवणारा कारखाना हे अनेकदा वेगळे असतात. एकच ब्रँड आज एका कारखान्याचा माल भरतो आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याचा. पण प्रत्येक कोऱ्या डिस्कच्या आतल्या कड्यात तिच्या घडणीचा संकेत आधीच लिहिलेला असतो. इमगबर्न नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये कोरी डिस्क घातली की उजव्या चौकटीत तो दिसतो. मायनसमध्ये ‘एमसीसी ०३आरजी२०’ आणि प्लसमध्ये ‘एमसीसी ००४’ हे मित्सुबिशीच्या घडणीचे १६ एक्सचे संकेत, आणि ‘टीवायजी०३’ हा ताइयो युडेन या जपानी कंपनीचा. हे जुने नामांकित संकेत आहेत. मात्र संकेत उसना घेऊन छापता येतो आणि कारखान्यांचे मालकही बदलले आहेत, त्यामुळे संकेत पाहून डोळे मिटू नयेत. म्हणून प्रथमच पन्नासाचा स्पिंडल, म्हणजे दांड्यावर रचलेला डिस्कचा गठ्ठा, न उचलता पाच-दहा डिस्क घ्याव्यात, दोन लिहून तपासाव्यात आणि जमल्यास त्याच दिवशी त्याच खेपेतला स्पिंडल आणावा. सुट्या, वेष्टनाबाहेर काढून कागदी पाकिटात भरलेल्या डिस्क कितीही स्वस्त असल्या तरी सोडून द्याव्यात. दीर्घकाळासाठी एम-डिस्क ही खनिजासारख्या थरावर लिहायची जातही मिळते. तिला तसा उल्लेख असलेलाच रायटर लागतो, आणि ती सरसकट न वापरता मोजक्या दस्तऐवजांसाठी वापरणे परवडते.

लिहिताना १६ एक्सच्या डिस्कवर ८ एक्स हा वेग निवडावा. सर्वांत कमी वेग म्हणजे सर्वांत चांगले लेखन, हा समज रूढ आहे, पण वेगवान डिस्कचे रंगद्रव्य फार संथ लेखनासाठी घडवलेले नसते आणि २ एक्सवर काही वेळा निकाल उलट बिघडतो. विंडोज डिस्क घालताच दोन पर्याय देते: पेनड्राइव्हसारखी वापरायची, की प्लेअरमध्ये चालणारी करायची. दुसऱ्याला द्यायची किंवा जपून ठेवायची डिस्क नेहमी दुसऱ्या पर्यायाने करावी आणि शेवटी ती बंद, म्हणजे फायनलाइज करावी; न बंद केलेली डिस्क तुमच्याच यंत्रात चालते आणि पाहुण्यांसमोर मान खाली घालायला लावते. एकच फाइल चार जीबीपेक्षा मोठी असेल तर यूडीएफ ही रचना निवडावी.

चित्रीकरणाच्या बाबतीत एक घोटाळा नेहमी होतो. मोबाइलमधली एमपी४ फाइल डिस्कवर टाकली म्हणजे ती टीव्हीच्या प्लेअरमध्ये चालेलच असे नाही. जुन्या प्लेअरला डीव्हीडी-व्हिडिओ लागते: एमपीईजी-२ पद्धत, आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्हीच्या मापाप्रमाणे ७२० बाय ५७६ ठिपके आणि सेकंदाला २५ चित्रे. डीव्हीडीस्टायलरसारखा मोफत प्रोग्रॅम हे रूपांतर करतो. दोन तासांचा कार्यक्रम एका डिस्कवर बसवला तर सेकंदाला साधारण पाच मेगाबिट वाट्याला येतात आणि चित्र चांगले दिसते. तीन तास कोंबले तर तेच साडेतीनच्या आत येतात आणि नाटकाच्या मागच्या पडद्यावर चौकडे उमटू लागतात. तीन अंकी नाटक दोन डिस्कवर करावे, मध्यंतर तसेही असतेच.

लेखन झाले की पडताळणीचा पर्याय कधीही वगळू नये. त्यानंतर तीच डिस्क दुसऱ्या कोणत्याही ड्राइव्हमध्ये घालून सर्व फाइली संगणकावर उतरवून पाहाव्यात, कारण ज्याने लिहिले त्यालाच अक्षर लागते, इतरांना लागतेच असे नाही. नाव मऊ टोकाच्या, पाण्याच्या शाईच्या पेनाने लिहावे, आणि चिकट लेबल किंवा फोटो कधीही लावू नये, असे मी आजोबांच्या डिस्कची आठवण ठेवून सांगतो. डिस्क कडक डबीत उभी ठेवावी. पुण्यात एप्रिल-मेची धग आणि जुलैची ओल यांना एकाच वर्षात तोंड द्यावे लागते, त्यामुळे पत्र्याखालचा माळा आणि भिंतीला ओल येणारे कपाट दोन्ही टाळून मधल्या खोलीतला अंधारा कप्पा निवडावा. महत्त्वाच्या गोष्टीच्या दोन प्रती वेगवेगळ्या ब्रँडच्या डिस्कवर कराव्यात, आणि तिसरी हार्ड डिस्कवर असावीच.

एखादी जुनी डिस्क अडली, तर ती फेकण्यापूर्वी निदान तीन वेगवेगळ्या बनावटीच्या ड्राइव्हांत घालून पाहावी, कारण खराब डिस्क वाचण्याची चिकाटी प्रत्येक ड्राइव्हची वेगळी असते. चिकटवलेले लेबल सोलायला जाऊ नये. सोलताना चकत्या एकमेकींपासून सुटण्याचा धोका असतो. मऊ सुती कापडाने मध्यापासून काठाकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये. आमची पंगत माझ्या नव्या रायटरने वाचली नाही, मित्राकडच्या धूळ खात पडलेल्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने वाचली. त्याला त्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी जवळपास अख्खी दुपार लागली, मध्ये दोन ठिकाणी चित्र फुटले, पण जिलेबीचा आग्रह आणि आजोबांचा नकाराचा हात एवढे स्पष्ट आले आहे. ती प्रत आता दोन डिस्कवर आहे आणि त्यांतली एक कोथरूडला बहिणीच्या कपाटात उभी ठेवलेली आहे.